खालचा आकडा

अंगाने पांढरा, पोटाला निळा, लांबीला जेमतेम दोन इंच. मागे स्प्रिंग, पुढे जबडा. दाबला की कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा उघडतो, सोडला की बोटावर बसतो. जबड्यात दात नाहीत, रबराच्या दोन मऊ गाद्या आहेत. वरच्या गादीत लाल दिवा, खालच्या गादीत त्या उजेडाकडे टक लावून बसलेला बारीक डोळा. डोक्यावर काच. बोट आत गेलं की काचेवर आधी नुसत्या आडव्या रेघा दिसतात. त्याला घाई चालत नाही. पाच-सात ठोके तो गुपचूप मोजतो आणि मगच दोन आकडे दाखवतो. वरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा, शंभराच्या पुढे कधी न जाणारा. खालचा नाडीचा, तो कुठेही जातो.

कोरोनाच्या काळात सगळ्यांनी वरच्याच आकड्याकडे पाहिलं. मला खालच्याबद्दल सांगायचं आहे.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वस्तीत हा ऑक्सिमीटर सप्टेंबर २०२० मध्ये आला, आशाताईंच्या पिशवीतून. १५ सप्टेंबरला राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली होती. आशाताई आणि सोबतीला स्वयंसेवक घर न् घर फिरायचे. कपाळासमोर तापाची बंदूक, बोटाला हा, मग रजिस्टरात नोंद. पंच्याण्णवच्या खाली कुणी सापडला तर त्याला पुढे तपासणीला पाठवायचं.

पहिल्या दिवशी निम्म्या घरांनी आतून कड्या लावून घेतल्या. आमच्याकडची माणसं यंत्राला घाबरणारी नाहीत. त्यांना भीती होती ती ‘नेतील’ याची, आणि ती उगाच नव्हती.

पाथर्डी हा ऊसतोडीचा तालुका. पाऊस सह्याद्रीच्या अंगाला सगळा पडून जातो, आमच्यापर्यंत उरलंसुरलं येतं. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात ते सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत, आणि परततात चैत्र-वैशाखात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आमची कितीतरी माणसं कारखान्यांच्या तळावर, कोपीत होती. राज्यात असे सव्वा लाखाहून अधिक मजूर अडकून पडले होते. चार बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत ‘घरात राहा’ हे कसं पाळायचं? गावी म्हातारी एकटी, हातातला पैसा संपलेला, फोनचा रिचार्ज संपत आलेला. १७ एप्रिलला सरकारने त्यांना गावी जायची परवानगी दिली. तपासणी झाली, कागद मिळाले, गाड्या निघाल्या. आणि कित्येक टोळ्या आपल्याच गावाच्या शिवेवर पोचल्या तेव्हा वाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. चौदा दिवस शाळेत, नाहीतर शेतात. भाकरी आणून ठेवायची ती लांब, दगडावर.

जुन्या माणसांना त्यांच्या आज्यांनी सांगितलेला प्लेगचा काळ आठवला. तेव्हाही लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. पण तेव्हा सगळं गाव माळावर जायचं. या वेळी गाव घरात होतं आणि माळावर फक्त मजूर होते. हे मला आजही सहन होत नाही.

असं उन्हाळ्यात एकदा बाहेर बसवलेल्या माणसासमोर सप्टेंबरात कुणी यंत्र धरून ‘बोट द्या’ म्हटलं तर तो हात मागेच घेणार. आबांनी तेच केलं. आबांची उभी हयात ऊसतोडीत गेलेली. आशाताई ओट्यावर बसल्या, तर आबांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्यात घातले.

“कशाला आलीस पोरी? न्यायलाच ना?”

“न्यायला कशाला येऊ आबा? बघायला आले. बोट द्या.”

पुष्कळ वेळाने एक हात बाहेर आला. कोयत्याच्या मुठीने घडलेला तो हात. तळव्यावर घट्टे, बोटांच्या पेरांवर जुन्या चिरा, त्या चिरांत कायमचा बसलेला काळेपणा. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं. हा बोटावर बसला आणि काचेवर रेघाच राहिल्या. आशाताईंनी बोट बदललं. पुन्हा रेघा. आबांचा चेहरा उतरला. ताईंनी हात हातात घेतला तेव्हा त्यांना कळलं, सप्टेंबरच्या उकाड्यात तो हात गार पडला होता. घाबरलेल्या माणसाचं रक्त हातापायांकडून आत ओढलं जातं, बोटांच्या बारीक वाहिन्या आकसतात. मग यंत्राला मोजायला ठोकाच सापडत नाही. ताईंनी तो हात दोन्ही तळव्यांत धरून चोळला, जरा वेळ घरच्या गप्पा केल्या, शेळी व्याली का, नातू कितवीत गेला. मग पुन्हा लावला. वर ९७. खाली ११२.

रजिस्टरात वरच्या आकड्याला रकाना होता. ताईंनी ९७ लिहिले आणि त्या उठल्या. एकशे बारा कुठे लिहायचे हे कुणी सांगितलं नव्हतं.

या ऑक्सिमीटरचं कूळ जपानचं. ताकुओ आओयागी नावाचे एक अभियंते निहोन कोहदेन या कंपनीत हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते मोजायच्या पद्धतीवर काम करत होते. रक्तात रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून उजेड पाठवून तो रंग कसा विरतो ते बघायचं. पण दर ठोक्याला येणारी नाडीची लाट मोजमापात सारखी लुडबुड करायची. ती घालवण्याच्या खटपटीत असताना त्यांच्या ध्यानात आलं, की रक्तातला ऑक्सिजन बदलला की ही लुडबुडही बदलते. मग जी टाळायची होती तिचीच त्यांनी फूटपट्टी केली. हे १९७२ च्या सुमाराचं. लाल उजेड आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड, असे दोन किरण बोटातून पाठवायचे. ऑक्सिजन भरलेलं रक्त लाल उजेड जास्त जाऊ देतं, ऑक्सिजन नसलेलं तो अडवतं. ठोक्यागणिक होणारा फरक तेवढा धरायचा, कातडी-हाड-मांस यांचा स्थिर भाग सोडून द्यायचा. म्हणजे नाडी धडधडते म्हणूनच याला ऑक्सिजन कळतो. खालचा आकडा आधी, वरचा त्याच्या जिवावर.

पुढे शस्त्रक्रियेच्या खोल्यांत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी याला आपलासा केला आणि भुलेतले किती मृत्यू टळले याची गणतीच नाही. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले, चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. आमच्या मजुरांना गावी जायची परवानगी मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आपलं यंत्र लवकरच करंजी घाट ओलांडून कोयत्याच्या घट्ट्यांवर बसणार आहे, हे त्यांना कळलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं असं मला वाटतं.

एप्रिल २०२१ मध्ये सगळंच उलटलं. ज्याच्यापासून लोक हात लपवत होते त्याच्यासाठी आता रात्री-अपरात्री ताईंचं दार वाजू लागलं. रस्त्यात माणूस भेटला की रामराम नंतर, आधी “घरचा ऑक्सिजन किती?” मेडिकलमध्ये ऑक्सिमीटर मिळेनात, मिळाले तर तोंडाला येईल तो भाव. सरकारने नफ्याला लगाम घातला तो जुलै २०२१ मध्ये, लाट ओसरल्यावर. बाजारात असेही नग आले की पेन्सिल चावायला दिली तरी अठ्ठ्याण्णव दाखवतील. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवा, ऑक्सिजन कळेल, असं सांगणारी फसवी अ‍ॅप्स निघाली. आमचा हा सरकारी, जुना, स्प्रिंग सैल झालेला. पण त्याच्यावर लोकांचा विश्वास होता, कारण तो ताईंच्या हातून यायचा.

तरी तो निर्दोष नव्हता आणि त्याचे दोष सांगितलेच पाहिजेत. नेलपॉलिश असलं, गडद मेंदी असली की गडबडतो. हात हलला की भरकटतो. आणि सगळ्यात मोठा दोष कातडीच्या रंगाचा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही हा बरा आकडा दाखवतो, आणि असं गोऱ्यांच्या तुलनेत काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा होतं. उन्हात रापलेल्या आमच्या माणसांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवं होतं. ताईंना तो अभ्यास ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण त्या नुसत्या आकड्यावर कधीच विसंबल्या नाहीत. आजारी माणसाला अंगणात सहा मिनिटं चालायला लावायच्या, मग पुन्हा बोट. तीन-चारने घसरला की गाडी बघा. ही सहा मिनिटांची चाचणी त्या वेळी सगळीकडे सांगितली जात होती, आणि तिने जीव वाचवले. दम लागत नाही, बोलणं-चालणं ठीक, आणि आकडा मात्र ८८, अशी माणसं त्या लाटेत खरोखर होती.

त्याने लोकांना धीर दिला तसा त्यांचा जीवही खाल्ला. वस्तीवरचे मास्तर घरातच वेगळ्या खोलीत होते. त्यांनी स्वतःचा ऑक्सिमीटर आणला होता आणि शंभर पानी वही घेऊन बसले होते. दर पाच मिनिटांनी नोंद. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. शहाण्णव लिहिताना अक्षर बिघडलेलं. मग हात धुऊन, दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. सत्त्याण्णव आला की श्वास सोडायचे. एक-दोनने खालीवर होणं हा या यंत्राचा स्वभाव आहे, निरोगी माणसातही होतं. पण पहाटे तीन वाजता हे कोण सांगणार? बाहेर बायको जागी, तिच्यापुढे दिवसभर बातम्या, बातम्यांत स्मशानं.

एका रात्री मास्तरांच्या ऑक्सिमीटरचे सेल संपले. दोन बारीक सेल, घड्याळातले बसत नाहीत, दुकानं बंद. शेवटी टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. रिमोट मुका झाला आणि त्या घरात बातम्यांचा धबधबा आपोआप थांबला. पुढे सेल मिळाले तरी मास्तरांच्या बायकोने ते रिमोटमध्ये काही घातले नाहीत. ताईंनी मास्तरांची वही घेतली आणि पानावर रेघा आखून दिल्या: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. “या चार वेळा. मधे लावायचा नाही. वेळ झाली की मी खिडकीशी येते, मला सांगायचं.” मास्तर पुढे बरे झाले. ते म्हणतात, त्या चार वेळांनी मला वाचवलं. फुप्फुसांनी त्यांचं काम केलंच असतं. पण चार वेळांमुळे मधल्या तासांना काही सुमार आला आणि ऐकणारं माणूस खिडकीशी आलं, हे खरं आहे.

ताईंनी वहीत पाचवा रकानाही आखला होता. नाडी. तो त्यांनी का आखला ते मी त्यांना नंतर विचारलं, तेव्हा त्यांनी एका रात्रीची गोष्ट सांगितली.

एक तरुण सून. नवरा टोळीसोबत अडकलेला, सासू नगरला दवाखान्यात. रात्री अकरा-साडेअकराला तिचा श्वास अडकला. छातीवर दगड ठेवल्यागत झालं, तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या, हातपाय लटलट कापायला लागले. शेजाऱ्यांनी धरून बसवलं, कुणी गाडीला फोन लावला. ताई आल्या, बोटाला हा लावला. वर ९९. खाली १२६. लोक म्हणाले यंत्र बिघडलं, श्वास येत नाही आणि नव्व्याण्णव कसा? ताईंनी स्वतःच्या बोटाला लावून पाहिला, पुन्हा तिच्या. तेच. मग त्यांनी ताप पाहिला, खोकला विचारला, पाणी पाजलं, आणि तिच्यासमोर बसल्या.

“हे बघ. वरचं बघ. नव्व्याण्णव म्हणजे तुझ्यात ऑक्सिजन भरभरून आहे. फुप्फुस ठणठणीत आहे तुझं. काळीज पळतंय, कारण तू घाबरलीस. आता वरचं बघू नको. खालचं बघ. आणि फुंकर घालताना सोडतो तसा श्वास सोड. हळू. अजून हळू.”

एकशे सव्वीस. एकशे एकोणीस. एकशे चोवीस झाला, मुलगी पुन्हा घाबरली. ताई म्हणाल्या, होतं तसं, सोड. एकशे अकरा. एकशे चार. अंगणात पाच-सहा माणसं मास्क लावून उभी, आणि एका छोट्या काचेवर एका बाईची भीती उतरताना बघत होती. आमच्यापैकी कुणीही भीती अशी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ‘मनाचे खेळ’ म्हणून जे उडवून लावतात, ते तिथे आकड्यात दिसत होतं आणि आकड्यातच कमी होत होतं.

भीतीने श्वास भराभर चालतो तेव्हा ऑक्सिजन कमी पडत नाही, उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मुंग्या, गरगरणं, जीव गुदमरल्याची भावना येते ती त्यामुळे. गुदमरतंय म्हणून माणूस आणखी भराभर ओढतो, आणि चक्र चालू राहतं. श्वास सोडताना हृदयाचा वेग निसर्गतःच जरा मंदावतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की नाडी खाली येऊ लागते. मात्र खालचा आकडा वाढला म्हणजे भीतीच, असं धरून चालत नाही. तापाने वाढतो, अंगातलं पाणी कमी झाल्याने वाढतो, ऑक्सिजन घसरल्यानेही वाढतो. आधी वरचं बघायचं, ताप बघायचा, माणूस नीट बघायचं. तेवढं सगळं ठीक असूनही खालचं पळत असेल, तरच जवळ बसायचं. ताई हा क्रम कधी मोडत नसत.

आमच्या वस्तीवर संध्याकाळी हरिपाठ असतो. देवळं मार्च २०२० मध्ये बंद झाली, पाडव्याला १६ नोव्हेंबरला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. मोहटादेवीच्या गडावर २०२० चं नवरात्र यात्रेविना गेलं. आमच्याकडे नवरात्रात गडाची वाट माणसांनी फुललेली नसणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. देवळातला हरिपाठ बंद झाला तेव्हा माझी मोठी आई उंबऱ्यात बसून एकटीच म्हणू लागली. साथीच्या दिवसांत तिला रात्री झोप नव्हती, सारखी नावं घ्यायची, कोण कोण गेलं त्यांची. ताई एकदा हरिपाठाच्या वेळेला आल्या. म्हणाल्या, थांबू नका, म्हणत राहा, आणि मांडीवरच्या हाताला हा लावला. सुरुवातीला १०२. पाच-सहा अभंग झाले तसा ८६.

याचं मला पुढे एक कारण वाचायला मिळालं. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं होतं, की जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा योगातला मंत्र लयीत म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळते. ओवी, अभंग, आरती, सगळं आपण श्वास सोडतानाच म्हणतो. मोठ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “यंत्राला आत्ता कळलं व्हय?” तिच्या श्रद्धेला माझ्या पुराव्याची गरज नव्हती. पण ज्यांची श्रद्धा त्या दिवसांत डळमळली होती, त्यांना लांब श्वासाचा आधार सांगता आला याचं मला मोल वाटतं.

काही वेळा मात्र कुठलाच श्वास पुरला नाही. वस्तीतल्या तात्यांचा वरचा आकडा ८४ वर आला त्या रात्री रुग्णवाहिका मिळेना. ताईंनी त्यांना पालथं झोपवलं. पालथं झोपल्यावर फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मोकळा होतो, हे त्या एप्रिलमध्ये केंद्रानेही सांगितलं होतं. आकडा ८८ पर्यंत चढला. मग जीपच्या मागच्या सीटवर त्यांना तसंच पालथं घालून आम्ही नगरकडे निघालो. ताईंनी हा तात्यांच्या बोटाला लावूनच दिला. तिसगाव, करंजी, मग घाट. रस्ता खोदलेला, गाडी एकेका खड्ड्यात आपटत होती, आणि दर आपट्याला काचेवर रेघा यायच्या. ठोका सापडला नाही की हा रेघा दाखवतो. पण तात्यांच्या मुलाला त्या रेघांचा एकच अर्थ कळत होता. तो ओरडायचा, मी मनगट धरून नाडी चाचपायचो, आहे रे, आहे, म्हणायचो. घाट संपून सपाटी लागली तेव्हा आकडे परत आले. ८५ आणि १२८. तात्यांनी तोंड सीटमध्ये खुपसलेलंच ठेवून विचारलं, “किती हाय?” मुलगा म्हणाला, “नव्वद.”

पुष्कळ दारं हिंडल्यावर बेड मिळाला. तात्या तिथेच गेले. त्यांच्या सामानाची प्लॅस्टिकची पिशवी परत आली, तिच्यात घड्याळ, कवळी आणि हा. ताईंनी तो पुसला, उन्हात ठेवला, पुन्हा पुसला. तरी कुणी बोट पुढे करेना. कुणी तसं म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच. तेव्हा आबा ओट्यावरून उतरले आणि हात पुढे केला. “लाव. तात्या काय परका होता?” ९६ आणि ७८. आबांचा हात त्या दिवशी उबदार होता.

मे संपताना वेगळंच वादळ आलं. नगर जिल्ह्यात एका महिन्यात आठ हजारांवर मुलं बाधित झाली, अशी बातमी देशभर गेली. बहुतेक मुलांना लक्षणं नव्हती किंवा अगदी सौम्य होती, आणि महिन्याच्या एकूण रुग्णांत त्यांचं प्रमाण दहाव्या हिश्शाच्या आसपास होतं. पण मथळ्यात एवढं मावत नाही. पाथर्डीपासून पार पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत फोन सुरू झाले. आया पोरांची इवली बोटं याच्या जबड्यात घालू लागल्या. जबडा मोठ्यांचा. पोराच्या बोटाच्या कडेने उजेड निसटायचा आणि आकडा वाटेल तो. शिवाय खालचं बघायला आता बाया शिकल्या होत्या, तर तिथे ११५, १२०. लहान मुलाची नाडी मुळातच जलद असते हे त्यांना कोण सांगणार? ताई दारोदार सांगत फिरल्या: याला लावू नका. खातंय का बघा, खेळतंय का बघा, निजलं की पोट मिनिटाला किती वेळा हलतं ते मोजा.

जूनमध्ये काही दिवस हा पिशवीतच पडून होता. १५ जून २०२१ पासून राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. सव्वा वर्ष लोकांच्या दारात उभं राहून मिळत काय होतं, तर कामागणिक तुटपुंजा मोबदला. दीड हजारांच्या वाढीवर संप मिटला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये देशातल्या आशांचा गौरव केला तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला. त्याच संघटनेने त्याच वर्षी मार्चमध्ये सांगितलं होतं, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं. एवढा मोठा आजार गावोगाव पसरत असताना त्याची चाहूल देणारा आकडा आशांच्या पिशवीतल्या यंत्रावर रोज उमटत होता, आणि राज्याने त्यांना दिलेल्या रजिस्टरात त्याला जागा नव्हती. ती जागा एका आशाताईंनी शंभर पानी वहीवर पट्टीने आखली. त्याचा मोबदला त्यांना कुणी दिला नाही.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, देवळं उघडली. त्याच आठवड्यात जिल्ह्यातली एकसष्ट गावं रुग्णांमुळे बंद होती. म्हणजे भीती संपून देव भेटला असं काही झालं नाही, दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

आता ह्याचा जबडा रबरबँडने बांधलेला आहे. काचेला कोपऱ्यात तडा आहे. दमा असलेल्यांसाठी अधूनमधून निघतो. गेल्या दसऱ्याआधी टोळ्या निघायच्या वेळी मुकादमाची बायको ताईंकडे आली. तिने तळावर न्यायला नवा कोरा ऑक्सिमीटर घेतला होता. तळापासून दवाखाना लांब, आणि सोबत नव्याने तोडीला येणाऱ्या दोन सुना.

“वरचं मला कळतं ताई. खालचं शिकवा.”

ताईंनी तिच्या बोटाला लावला. ८२. ती उठली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पळत एक चक्कर मारून आली, पुन्हा बोट घातलं. १३१.

“हे पळाल्याचं झालं. भीतीचं कसं ओळखायचं?”

“पळालेलं आपल्याला माहीत असतं. बसल्या जागी एवढं आलं, अंगात ताप नाही, वर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव आहे, तर जवळ बस. श्वास सोडायला लाव. आणि काय झालं ते विचार.”

“आन् सांगितलंच नाही तर?”

ताईंनी तिच्या मुलीला फोन काढायला लावला आणि नंबर सांगितला, १४४१६. टेलि-मानस. मानसिक त्रासासाठी ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, पैसे पडत नाहीत.

“कर्नाटकात लागतो का?”

“लागतो. देशभर लागतो. भाषा निवडता येते.”

“रातच्याला?”

“रातच्यालाबी.”

तिने मुलीकडून दोन्ही सुनांच्या फोनमध्येही तो नंबर घालून घेतला.